मी खरवडलेली कातडी

मी तीस वर्षं वेल्डिंग करतोय आणि माझ्या जोडात कुणी खोट काढलेली मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ या गुर्मीतून झाला.

साखरेचं दुखणं मला बऱ्याच वर्षांपासून आहे. गोळ्या चालू होत्या, पण पाय बधिर होत चाललेत हे मी घरी बोललो नव्हतो. चाकणच्या वर्कशॉपमध्ये एके दिवशी लोखंडाचा कीस बुटात गेला आणि अख्खी शिफ्ट मी त्याच्यावर उभा राहिलो. काही म्हणजे काही जाणवलं नाही. थेरगावला घरी येऊन बूट काढला, तर मोजा रक्ताने चिकटलेला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याला, शर्टाच्या बटणाएवढी जखम झाली होती.

बायकोने तस्संच उठवून डांगे चौकातल्या दवाखान्यात नेलं. "हाडापर्यंत पोचली तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "महिनाभर बघू." मी वरवर हसलो. आमचं निम्मं काम उकिडवं बसून होतं आणि तेव्हा सगळा भार अंगठ्यांवर येतो. अंगठा गेला की काम गेलं, आणि दुसरं काही मला येत नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. कातडीत काही पेशी असतात, त्यांचं काम धागे तयार करायचं. त्या धाग्यांच्या जाळीवर जखम भरत येते. रक्तात साखर वाढली की या पेशी सुस्तावतात, धागे कमी काढतात, आणि जे काढतात तेही ताठर होतात. मला लगेच पटलं. करंट कमी पडला की सांधाही असाच भरत नाही.

मी सुट्टी टाकली, बिनसाखरेचा चहा प्यायलो, भात सोडला. साखर उतरली. जखम मात्र तिथेच. दर तिसऱ्या दिवशी बायकोबरोबर ड्रेसिंगला जायचं, आणि तिथली सिस्टर दर वेळी कपाळाला आठ्या घालायची. ती निघोजे गावची, तोंडाने फटकळ, पण हात अगदी हलका. एकदा पट्टी सोडता सोडता ती थांबली.

"काका, ही गाठ माझी न्हाई."

मी छाती फुगवून सांगितलं, "माझीय. रोज संध्याकाळी साफ करतो मी. चिमटा उकळून घेतो. कडेला पांढरट-गुलाबी पापुद्रा धरतो ना, तो सगळा काढून टाकतो."

आमच्या कामात असंच असतं. वेल्डिंगवर काळी खपली धरते, तिला आम्ही स्लॅग म्हणतो. ती न झाडता वर दुसरा थर चढवला, तर जोड आतून पोकळ राहतो. म्हणून आधी खरवडायचं, मग भरायचं. मी तेच करत होतो, आणि अगदी मन लावून.

सिस्टरने कपाळाला हात लावला. "आवं, ती घाण न्हाई, नवी कातडी हाय तुमची! आमी हितं भरवायची, आन् तुमी घरी जाऊन खरवडायची व्हय?"

"मला वाटलं जखम नुसती बघायलेत," बायको हळूच म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सुस्तावलेल्या पेशी दिवसभर खपून जे काही जमवत होत्या, ते मी रोज चिमट्याने उचलून फेकत होतो. दुखत नव्हतं, म्हणून काम चोख चाललंय असं समजत होतो. महिना संपायला आठ दिवस उरले होते.

"काकू, रोज संध्याकाळी यांचं दोन्ही हात धरून बसायचं," सिस्टरने फर्मान काढलं.

बायकोने ते शब्दशः घेतलं. चहा झाला की गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर यायच्या आणि माझे हात तिच्या हातात. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही चारचौघांत असे कधी बसलो नव्हतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बघायच्या, मी लाजायचो, ती माझ्या तळहातावरचे ठिणग्यांचे डाग मोजायची. हळूहळू तीच वेळ मला आवडायला लागली. महिना भरला तेव्हा जखमेच्या कडेला बारीक गुलाबी रेघ आली होती आणि डॉक्टरांनी मुदत वाढवून दिली.

मग एके दिवशी सिस्टरने पट्टी सोडली ती परत बांधलीच नाही. "बगा तुमचा जोड." कातडी पातळ होती, जराशी सुरकुतलेली. फिनिशिंग काही माझ्या पसंतीचं नव्हतं. तिच्या टेबलाला धरून उकिडवा बसलो. अंगठ्याने भार घेतला.

त्या संध्याकाळी मी सवयीने गॅलरीत गेलो आणि एकटाच बसलो. थोड्या वेळाने बायको कुकर लावून आली, पदराला हात पुसले आणि समोरच्या खुर्चीत बसून तिने माझे दोन्ही हात धरले.

"अगं, भरली की आता," मी म्हणालो.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.