अक्कांच्या कॉम्प्युटरवरची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही.

नोकरीसाठी पुण्याहून चेन्नईला गेलो तेव्हा वेस्ट मांबलममध्ये अक्कांच्या घरी, वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. अक्का तंजावूरकडच्या मराठी. त्यांची भाषा जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. सुरुवातीला मला निम्मीच कळायची. पण मराठी मुलगा म्हणून त्यांनी मला घरातलाच मानलं. त्यांच्या हॉलमध्ये एक कॉम्प्युटर होता — मुलगा अमेरिकेला जाताना ठेवून गेलेला. "तुला हवा तेव्हा वापर," म्हणाल्या.

मी वापरला. ब्रॉडबँड त्यांचं, वीज त्यांची, आणि मी सिनेमे उतरवून घ्यायचो. आठवडेच्या आठवडे. काही साधे. काही — कुणासमोर लावता न येण्यासारखे. सगळे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये.

त्या उन्हाळ्यात अक्कांची आई राहायला आली. आईंना माणसं ओळखू येईनाशी झाली होती, पण लहानपणीची गाणी, गोष्टी, म्हणी मात्र जिभेवर होत्या. अक्का माइक धरून बसायच्या आणि ते सगळं रेकॉर्ड करायच्या. नातवंडांना मराठी येत नव्हतं. निदान आवाज तरी राहील, म्हणायच्या.

आई परत तंजावूरला, अक्कांच्या भावाकडे जायच्या आदल्या दिवशी रेकॉर्डिंग मध्येच थांबलं. डिस्क भरली होती. अक्कांनी मला हाक मारली.

"रोज जागा कमी होते रे. कुठे जाते?"

मला बघताक्षणी कळलं. कळायला काय लागत होतं? तरी मी खुर्चीत बसलो, रिसायकल बिन रिकामा केला, नको त्या फायली शोधल्याचं नाटक केलं. अक्का शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. फोल्डर त्यांच्यासमोर उघडणार कसं? — असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण ते खरं नाही. पाणी मागून त्यांना आत पाठवता आलं असतं. ते सुचलंही होतं. सिनेमे पुसायचे नव्हते, एवढंच.

मी म्हणालो, "अक्का, ही रेकॉर्डिंगं फार जागा खातात. काही काढावी लागतील."

त्यांनी माइक बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच भरलं का सगळं?"

मी हो म्हणालो.

मग आम्ही एकेक फाइल लावली. अक्का डोळे मिटून ऐकायच्या आणि ठरवायच्या. यात आई फार खोकते, काढ. हे गाणं अर्धंच आहे, काढ. एकीत आई अक्कांना मोठी बहीण समजून तिच्याशी बोलत होती. ती त्यांनी दोनदा लावायला सांगितली. मग म्हणाल्या, "काढ." बटण प्रत्येक वेळी मीच दाबलं. पलीकडे सोफ्यावर म्हाताऱ्या बाई स्वतःचाच आवाज ऐकून हसत होत्या.

पुढे मी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, अड्यारला राहायला गेलो. जाण्याआधी सिनेमे माझ्या डिस्कवर घेतले आणि ते फोल्डर पुसलं. काही दिवसांनी अक्कांचा फोन आला.

"अरे, जागा परत आली. आपोआप. असं होतं का?"

"होतं कधी कधी," मी म्हणालो.

"मग आपण उगीच काढलं ते."

त्यांनीच मला समजावलं — तुला तरी कसं कळणार होतं. आई आता बोलत नाही, हेही त्याच फोनवर सांगितलं. आणि जेवायला ये म्हणाल्या.

मी गेलो. पोटभर जेवलो. तेव्हाही सांगितलं नाही.

त्यातले निम्मे सिनेमे मी कधी पाहिलेही नाहीत.