तिकडे झालेली लस

एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी चौतीस वर्षे लिपिक होतो. प्रवेशाचे काम माझ्याकडे असे. जन्मदाखला नसला की मी पालकास परत पाठवीत असे. मग तो असोद्याहून सायकलवर आलेला असो की पाचोऱ्याहून गाडीने. माणूस सांगतो ते ऐकावे, लिहावे मात्र कागद पाहून, असे मी त्यांना सुनावीत असे.

नातीचे चौथे वर्ष सरत आले होते. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जातात. त्यामुळे जळगावातल्या ज्या शाळेत तिचे नाव घालायचे ठरले होते, तेथे अर्ज घेऊन मी गेलो. खिडकीत एक तरुण लिपिक बाई बसल्या होत्या. त्यांनी कागद क्रमाने लावले आणि विचारले,

"आबा, लसीकरणाचं कार्ड?"

"घर बदलताना गहाळ झाले. लसी सर्व झालेल्या आहेत."

"सगळे असंच सांगतात."

उत्तर योग्य होते. त्या जागी मीही तेच दिले असते.

हा नियम त्या शाळेने स्वतःचा केलेला होता. अर्जातच एक ओळ छापलेली होती : पाल्यास वयानुसार सर्व लसी देण्यात आल्या आहेत, माहिती चुकीची आढळल्यास प्रवेश रद्द होईल. तिच्याखाली मी सही केली. कार्ड आणण्यासाठी बाईंनी शनिवारी दुपारी बारापर्यंतची मुदत दिली. त्यानंतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलास जाणार होती. तो दिवस सोमवार होता.

सुनेचे माहेर धुळ्याच्या पुढे, साक्रीच्या रस्त्याला लागून आहे. पहिले बाळंतपण माहेरी झाले. तिथल्या शाळेत तिला तात्पुरती नोकरी होती, म्हणून मूल सव्वा वर्षाचे होईपर्यंत ती तिथेच राहिली. लसींची नोंद गावच्या उपकेंद्रात असणार, असे ती म्हणाली. तिला रजा मिळत नव्हती. कागदाचे काम मी तसेही दुसऱ्यावर सोपवीत नाही. मंगळवारी सकाळच्या एसटीने मी निघालो.

व्याही फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. आम्ही उपकेंद्रात गेलो. नर्सबाईंनी कपाटातून त्या वर्षाचे रजिस्टर काढले. मी सुनेचे नाव, पतीचे नाव, आडनाव असे सारे स्पष्ट सांगितले. त्यांनी दोनदा बोट फिरवले. नोंद नव्हती.

"पुन्हा पाहा," मी म्हणालो.

"नाना, सासरनं नाव आठे कोन वळखस?" नर्सबाई व्याह्यांकडे पाहून म्हणाल्या. आठे म्हणजे इथे. "बापनं नाव सांगा."

व्याह्यांनी स्वतःचे नाव सांगितले. नोंद लगेच सापडली. माझ्या नातीची आई त्या रजिस्टरात त्यांची लेक म्हणून होती. माझे आडनाव त्या पानावर कोठेच नव्हते.

"भाऊ, आठे तुमनं काही चालत नही," व्याही हसून म्हणाले.

जन्मापासून नऊ महिन्यांपर्यंतचे सर्व रकाने तारखांनी भरलेले होते. त्यापुढचा, दीड वर्षाच्या लसींचा, रकाना रिकामा होता. शेऱ्यात निळ्या शाईने लिहिले होते : सासरी गेली, तिकडे घेणार.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग मला आमच्या जुन्या घराचा ओटा आठवला. दुपारची वेळ होती. सून कामावर गेली होती. दारात आरोग्य खात्याच्या आशाताई वही घेऊन उभ्या राहिल्या.

"आबा, बाळाचा दीड वर्षाचा डोस झाला का?"

मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही.

"तिकडे झाला."

"तिकडे म्हणजे?"

"तिच्या माहेरी."

मी सांगितले आणि त्यांनी लिहिले. कार्ड पाहावयास मागितले असते, तर मला राग आला असता. संध्याकाळी सुनेला मी इतकेच म्हणालो की आशाताई येऊन नोंद करून गेल्या.

"आम्हले वाटनं, तठे व्हई गयं व्हई," व्याही म्हणाले. त्यांच्या भाषेत तठे म्हणजे तिकडे. ते तिकडे म्हणजे आमचे घर होते.

मी सोमवारी केलेल्या सहीची हकीकत सांगितली. व्याह्यांनी थोडा विचार केला आणि ते नर्सबाईंकडे वळले.

"एक टिक मारी टाक ना, बाई. पोर धडधाकट शे."

"टिक मी मारसू, नाना. सुई कोन मारी?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, आहे तसेच लिहा. नर्सबाईंनी नव्या कार्डावर सर्व तारखा उतरविल्या, शिक्का मारला आणि तो रकाना रिकामा ठेवला. राहिलेली लस या वयातही देता येते. आठवडा मात्र घालवू नका, असे त्यांनी मला शुद्ध मराठीत बजावले.

घरी आल्यावर मी सुनेला कार्ड दिले. तिने ते उभ्याउभ्या वाचले.

"आशाताई बोलावतील म्हणून मी वाट पाहत होते, आबा. नंतर राहूनच गेलं."

"त्या बोलावणार नव्हत्या. मी त्यांना तिकडे झाले असे सांगितले होते."

तिने गॅस बारीक केला आणि कार्ड देवघराच्या फळीवर ठेवले.

गुरुवारी नातीला घेऊन मी शहरातल्या आरोग्य केंद्रात गेलो. रांगेत तिने मला विचारले,

"आबा, दुखतं?"

"हो."

"मग कशाला आणलं?"

"मागे द्यायची राहून गेली होती."

"कोणामुळे?"

"माझ्यामुळे."

"मग तुम्हालाच टोचा."

परिचारिका मोठ्याने हसल्या. "बरोबर बोलते हो तुमची नात. आजोबा, हात घट्ट धरा तिचा."

एक सुई दंडात, एक मांडीत आणि दोन थेंब तोंडात. ती रडली. परतताना रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली. रात्री तिला ताप आला. येईल असे त्यांनी सांगितलेच होते. शुक्रवारी दुपारपर्यंत तो उतरला. त्यानंतरच ती माझ्याशी बोलली.

शनिवारी साडेअकराला मी शाळेच्या खिडकीपाशी होतो. बाईंनी कार्डाची झेरॉक्स घेतली आणि मूळ कार्ड परत केले.

"झालं, आबा. तुम्ही जाऊ शकता."

"माझा अर्ज परत द्या. सोमवारी केलेली सही चुकीची होती. त्या दिवशी दीड वर्षाच्या लसी व्हायच्या होत्या."

त्यांनी कार्डावरची गुरुवारची तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"आता झाल्यात ना? इतकं कोणी बघत नाही."

"मी या खिडकीच्या आत चौतीस वर्षे होतो. मी बघत असे."

"अहो, पण खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही. वरिष्ठांना विचारावं लागेल."

त्या आत गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटे होती. माझ्या मागे यादीतल्या पुढच्या मुलीचे वडील हातात पाकीट धरून उभे होते. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कोरा अर्ज होता.

"बारापर्यंत भरून द्या म्हणाले. नाहीतर जागा जाईल."

मी तेथेच उभ्याने लिहिले. अक्षर नेहमीसारखे आले नाही. लसी कोठे दिल्या, या रकान्यात सुनेच्या माहेरच्या उपकेंद्राचे आणि जळगावच्या केंद्राचे नाव, तालुका आणि जिल्ह्यासह, लिहिले. जागा अपुरी पडली, म्हणून शेवटचा शब्द समासात गेला.

बाईंनी घड्याळ पाहून शिक्का मारला.