रडारला न दिसलेली राख

दुष्काळात आई औशाजवळ सरकारी कामावर खडी फोडायची. धुळीबद्दल तिचा नियम ठरलेला होता. जीभ खरखरली की वारा आपल्याकडं फिरला समजायचं आणि आल्या वाटेनं मागं सरकायचं. धूळ डोळ्यांना दिसेपर्यंत बसून राहायचं नाही.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमारास मी सहवैमानिक होतो. एकदा भर दुपारी इंडोनेशियावरून जाताना रडार अगदी स्वच्छ होतं, पण कॉकपिटमध्ये काडेपेटीच्या जळक्या काडीसारखा वास आला आणि माझी जीभ खरखरली. कॅप्टन म्हणाले, "इंजिनांची ताकद वाढवू, वर चढू."

रडारपेक्षा माझा जिभेवर भरवसा जास्त. मी म्हणालो, "सर, ही ज्वालामुखीची राख आहे. ताकद वाढवली तर ती इंजिनात वितळून चिकटेल. ताकद कमी करा, मागं वळा." ते वळले. उतरल्यावर पाहिलं, तर समोरची काच घासून पांढुरकी झाली होती.

सुट्टीत आईला सगळं सांगितलं. रडारला ढगातलं पाणी दिसतं, कोरडी राख दिसत नाही, हेही सांगितलं.

"पाणी कुटं हाय ते कळतंय त्याला?" आईनं विचारलं. "मग आमी खडी फोडीत हुतो तवा कुटं हुतं ते?"