माडुमा दोनदा उतरली

माडुमा सापाला भ्यायची नाही, पोलिसांना भ्यायची नाही. भ्यायची ती फक्त त्या रस्त्याला, आणि त्याच्याच कडेला एकवीस वर्षं धंदा करत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या डर्बनच्या बाजारामागे दोन मोठे महामार्ग जोडणारा तो तुकडा, गाडीला जेमतेम दीड मिनिटाचा. सिग्नल नाही, पायी चालायला जागा नाही, आणि टॅक्सीवाले तिथे अंगात आल्यासारखे सुटतात.

माझी टपरी तिला लागून. मी लाल माती विकते, माडुमा बोरीसारख्या झाडाच्या काटेरी फांद्या. आमच्यात रीतच आहे, माणूस जिथे मेला तिथून त्याचा जीव या फांदीवर घेऊन घरी न्यायचा. वाटेत फक्त त्याच्याशी बोलायचं. दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोललं की तो मागे राहतो.

त्या रस्त्यावर मेलेल्यांसाठी तिने कितीतरी फांद्या विकल्या, पण स्वतः कधी रस्त्याचा कठडा ओलांडला नाही. अर्ध्या तासाचा वळसा घालून पुलावरून जायची.

"टॅक्सी काय तुझीच वाट बघतेय का गं?" मी चिडवायचे.

"माझीच. तू तिला दिसायचीसुद्धा नाहीस, काडी आहेस नुसती."

मग एका मंगळवारी तिचा धाकटा भाऊ वेलापी तिथेच, दुभाजकापाशी गाडीखाली सापडून गेला. शनिवारी दफन होतं. घरात वडीलधारी तीच उरलेली, म्हणजे त्याला आणायलाही तीच.

"नाही आणलं तर तो गाड्यांमध्येच फिरत राहील," ती म्हणाली. दोन-तीन फांद्या उचलून तिने परत ठेवल्या, शेवटी एक मीच निवडून दिली.

गुरुवारी सकाळी ती आणि वेलापीची मुलगी बुसी रस्त्यावर उतरल्या. कठडा धरून मी उभी होते. जाताना निभावलं. माडुमाने दुभाजकापाशी फांदी टेकवली, भावाला हाक मारली आणि दोघी परत निघाल्या. अर्ध्यावर बुसीची वहाण सुटली. ती घ्यायला पोरगी वाकली आणि वळणावरून पांढरी टॅक्सी आली.

माडुमाने ती पाहिली. तिचे ओठ घट्ट मिटलेले मला दिसले. ही बोलणार नाही, असं मला खरंच वाटलं.

"बुसी, पळ!"

पोरगी धावत येऊन कठड्यावर आदळली. टॅक्सी वहाणेवरून गेली. मागोमाग माडुमा आली, घामाने निथळत.

"मी काही ऐकलं नाही हं," मी म्हणाले. "जा घरी."

"त्याने ऐकलं."

"आत्या, या खेपेला मी जाते," बुसी रडत म्हणाली.

"कठडा सोडलास तर तंगडी मोडीन."

आणि ती पुन्हा उतरली, एकटी. मला बघवेना. मी डोळे मिटले, मग राहवेना म्हणून उघडले. ती परत येत होती, फांदी छातीशी धरून, सारखी पुटपुटत. भावाला वाट सांगत असेल, असं वाटलं. जवळ आल्यावर शब्द कळले.

"रागावू नकोस रे वेलापी. ओरडावंच लागलं. तुझीच पोर होती."

आमच्याकडे न बघता ती तशीच पुढे गेली.