तीन रुपयांचा बाजा

आमच्या तळवड्यातली भागूबाई आठवड्यातून दोनदा डोक्यावर भाजीची पाटी घेऊन देहूरोडच्या छावणीत जायची. मेथी, वांगी, गवार. भाजी दहाच्या आत खपायची, पण भागूबाई घरी यायची ती दुपार टळल्यावर. मधला वेळ कुठे जातो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो जायचा दवाखान्याच्या दुकानात.

खरं तर ती एक पत्र्याची खोली होती. छावणीतल्या साहेबांची बदली झाली की बायका जुनं सामान तिथं देऊन टाकत. डॉक्टरांच्या पत्नी सुमनताई ते स्वस्तात विकायच्या आणि आलेले पैसे बायकापोरांच्या मोफत दवाखान्याला लावायच्या. भागूबाईची धाकटी पोर याच दवाखान्यानं डांग्या खोकल्यातून वाचवली होती, त्यामुळे त्या खोलीत पाऊल टाकताना ती चपला बाहेर काढायची, देवळात काढाव्यात तशा.

मात्र आत गेल्यावर घासाघीस करताना तिला देवधर्म आठवत नसे. जी वस्तू हवी तिच्याकडे ती बघायचीसुद्धा नाही. आधी फुटकी बशी उचलायची, नाक मुरडायचं, मग एखादी छत्री उघडून तिची भोकं मोजायची, आणि जाता जाता सहज विचारल्यासारखं, "आन् ह्ये चिरगूट कितीला म्हनायचं?" त्या चिरगुटासाठीच ती आलेली असायची. असाच एका कर्नलाच्या दिवाणखान्यातला हिरवा मखमली पडदा तिनं बारा आण्यांत आणला आणि त्यातून आपल्या बैलांसाठी दोन झुली शिवल्या. त्या पोळ्याला तिच्या बैलांपुढे पाटलाचे बैल फिके पडले. एकदा मात्र तिनं नवऱ्यासाठी, गेनूसाठी, कोरे करकरीत बूट आणले आणि घरी आल्यावर कळलं की दोन्ही डाव्या पायाचे आहेत. गेनूनं ते चार दिवस हट्टानं घातले. पाचव्या दिवशी त्याच्या चालीवर सगळं गाव हसायला लागलं तेव्हा कुठे काढले.

चोपन्न सालच्या हिवाळ्यात भागूबाईला पितळ हवं होतं. थोरली मुलगी ताना हिचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं आणि तिच्याबरोबर निदान एक हंडा द्यायचा होता. दुकानाच्या कोपऱ्यात एक पोतं पडलेलं तिनं हेरलं. तोंडातून वाकड्यातिकड्या पितळी नळ्या बाहेर आल्या होत्या. कुठलीशी पलटण हलताना मोडके बाजे टाकून गेली होती. शेजारी एक मोठा ढोल होता, एका बाजूनं फाटलेला.

भागूबाईनं ढोलाकडे बघत नाक मुरडलं, मग पायानंच पोतं ढकलून वजन अजमावलं. "ह्ये भंगार उचलायला मानूस मिळाला का न्हाई, ताई?"

"घेता का? ढोलासकट तीन रुपये," सुमनताई म्हणाल्या.

भागूबाई दोनवर अडली, सुमनताई तीनवरच राहिल्या. शेवटी देहूच्या रस्त्यानं जाणारी एक बैलगाडी थांबवून तिनं सगळं घरी आणलं आणि अंगणात ओतलं.

"ह्यातनं दोन हंडं निघत्याल," ती गेनूला म्हणाली. "उद्याच चिंचवडच्या तांबटाकडं नेते."

तेवढ्यात तिचा धाकटा दीर मुरारी शेतातून आला. महायुद्धात तो फौजेच्या बँडमध्ये होता. परत आल्यापासून नांगर धरायचा, भाकरी खायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. तो ढिगाशेजारी उकिडवा बसला. त्यातला सगळ्यात छोटा बाजा उचलला, धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसलं, तीन खुंट्या बोटांनी दाबून पाहिल्या आणि फुंकला.

म्हशीनं दावं तोडलं. शेजारची अंबुबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. मुरारी फुंकतच होता. आधी घोगरा, मग सरळ, मग असा स्वच्छ सूर निघाला की म्हशीमागे धावणारा गेनूही मध्येच थांबला.

"वहिनी," मुरारी म्हणाला, "ह्ये मोडू नगा."

"आन् तानाचा हंडा?"

"पुन्यात नवा घ्यायचा तर ह्यो एकला दीडशे रुपयांचा हाय."

दोन दिवस भागूबाईनं तो ढीग तांबटाकडे नेलाच नाही. स्वस्तात घेण्याचा तिला अभिमान होता. पण हा पैसा दवाखान्याचा होता. तिसऱ्या दिवशी भाजी नसतानाही ती छावणीत गेली आणि सुमनताईंपुढे उभी राहिली.

"ताई, म्या तुमाला फसवलं. त्यो माल लई मोलाचा हाय म्हनं. परत आनू का?"

सुमनताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या हसतच सुटल्या. "अहो भागूबाई, आदल्या आठवड्यात भंगारवाला अडीच रुपये देत होता. तुम्ही आठ आणे जास्तच दिलेत!"

भागूबाईला क्षणभर याचंच वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "तरीबी. दवाखान्याचं काय काम असंल तर आमचा बाजा फुकट वाजंल."

"येत्या महिन्यात वर्धापनदिन आहे. याल?"

"येऊ की," भागूबाई म्हणाली. बाजा फुंकणारा घरात एकच माणूस आहे, हे तिला वाटेत आठवलं.

मग धावपळ झाली. चिंचवडच्या तांबटानं चार बाज्यांचे पोचे काढले. पाचवा पार गेलेला होता. तो त्यानं ठेवून घेतला आणि बदल्यात एक लहानशी कळशी दिली. "मला कळशी पुरं," ताना म्हणाली, "पर लग्नात काकाच वाजवनार." ढोलाला नवं कातडं बसलं. मुरारीनं गावातले चारजण धरले. रंगराव कुंभाराच्या वाट्याला पुढेमागे सरकणाऱ्या लांब दांडीचा बाजा आला. गावानं तक्रार केली म्हणून तालीम ओढ्यापलीकडे चालायची. जो मुरारी दिवसाला दहा शब्द बोलायचा, तो तिथं ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा. "छाती भरून घे रंगराव! चूल फुंकतोस का काय!"

महिन्यात दोनच चाली बसल्या, एक पलटणीच्या कुचाची आणि एक आरतीची.

वर्धापनदिनाला मांडवात साहेब, त्यांच्या बायका, दवाखान्यातल्या लेकुरवाळ्या, सगळे जमले. कूच झोकात सुरू झालं. रंगरावाला चेव चढला. त्यानं दांडी इतक्या जोरात पुढे सरकवली की ती बाज्यातून निसटली आणि थेट लाडवांच्या परातीत जाऊन पडली. मांडव खदखदून हसला. रंगराव अर्धा बाजा तोंडाला लावून खांबासारखा उभा.

"थांबू नगा!" भागूबाई ओरडली. ती उठली, परातीतून दांडी काढली, पदरानं स्वच्छ पुसली आणि सगळ्यांदेखत चालत जाऊन रंगरावाच्या हातात दिली. मुरारी वाजवतच होता. रंगरावानं दांडी बसवली, दोन ठोके ऐकले आणि बरोबर जागेवर सूर धरला. टाळ्या थांबेनात. कूच पुन्हा वाजवावं लागलं, दोनदा.

मांडवातून निघताना काळेवाडीचे उद्धवराव आडवे आले. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. "सुपारी कुणाशी बोलायची, राव?" त्यांनी मुरारीला विचारलं.

मुरारीनं वहिनीकडे बोट केलं.

"बाईमानसाशी?"

"व्हय," भागूबाई म्हणाली. "पिऊन कुनी वाजवनार न्हाई, वऱ्हाडाआदी वाजवनाऱ्यास्नी जेवान, आन् वरातीत म्होरं मी चालनार. जमत असंल तर तारीख सांगा."

उद्धवरावांनी जरा विचार केला आणि तारीख सांगितली.

भागूबाईचा बाजा पुढे पंधरा वर्षं चालला. रंगराव पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला लागला, तरी लग्नाच्या दिवसांत पाळी बदलून घ्यायचा. एकदा उशीर झाला म्हणून तो कारखान्याच्या खाकी कपड्यांतच वरातीत उभा राहिला. नवऱ्यामुलाच्या मामांना वाटलं, हा बँडचा गणवेशच. त्यांना तो इतका आवडला की आपल्या घरच्या पुढच्या सुपारीला सगळ्यांनी तसंच यावं म्हणून त्यांनी निरोप धाडला.