हिरोची पाठ

लेकीच्या सायकलच्या चेनला तेल घालत होतो. त्या वासाने गोरेगावचा स्टुडिओ आठवला आणि इतक्या वर्षांनीही डोकं फिरलं. सायकलवरून पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीवरची विनोदी मालिका, आणि हिरोला सायकलच येत नव्हती! त्याच्या जागी मी चालवायचो. मान जरा वळली की दिग्दर्शक ओरडायचा, "चेहरा नको रे, फक्त पाठ दाखव!"

पहिला भाग बघायला आईने भांडुपच्या आमच्या खोलीत अख्खी चाळ जमवली. पाठमोरी सायकल दिसली की ती ओरडायची, "तो बघा, माझो झील!" सगळे हसायचे. त्या अर्ध्या तासात लोक हसले ते तेवढंच. मी वैतागलो, "आई, गप्प बस ना! पाठीवरून कोणाला काय कळतंय?"

"माका कळता," ती म्हणाली.

मालिका महिनाभरात गुंडाळली.

तेल घालून होताच लेक सायकल घेऊन खाली पळाली आणि मैत्रिणींच्या घोळक्यात घुसली. सगळ्यांची हेल्मेटं सारखी. "अगं, हळू!" मी गॅलरीतून ओरडलो. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. तरी त्या सगळ्या पाठींत तिची कुठली, ते मला बरोब्बर कळलं.