पिशवीसकट पुरलेली रोपं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण —

आमचं गाव औंधच्या पुढं, माळावर. दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा गावानं ठरवलं, डोंगरावर झाडं लावायची आणि चराईबंदी करायची. झाडं जगली की पाऊस येईल, असं सगळे म्हणत. मीही म्हणायचो. साताऱ्याला कॉलेजात जाणारा घरातला पहिला मी. म्हणून वरच्या पट्ट्यातली लावण माझ्यावर सोपवली.

प्लॅस्टिकची पिशवी फाडून मगच रोप खड्ड्यात ठेवायचं, नाहीतर मुळं कोंडतात, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण ऊन फार होतं, लवकर उरकायचं होतं — मी रोपं पिशवीसकटच पुरली.

रोपं वाळली. पाला झडून नुसत्या काड्या उरल्या. देवळापुढच्या बैठकीत सरपंचांनी कारण विचारलं, आणि मी म्हणालो, "मेंढरं फिरली असतील." असतील — एवढंच. पण गावात मेंढरं एकट्या धुळामामांची.

"तरीच म्हनलं, पाऊस का येत न्हाई!" कुणीतरी ओरडलं. माणसं काठ्या घेऊन त्यांच्या वस्तीकडं निघाली. मीही मागोमाग गेलो. थांबवायला? तसं म्हणवत नाही.

"आवं, माझी मेंढरं कवा गेली वर?" धुळामामा म्हणाले. मग त्यांना गर्दीत मी दिसलो. "तू सांग की रं. तू बघितलंस व्हय?"

मी खाली बघितलं.

"माझं पोरगं कॉलेजात हाय, खोटं बोलंल व्हय?" हे आबा. माझे वडील. पहिली काठी त्यांचीच पडली. हात मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मोडका हात गळ्यात बांधून धुळामामा बायकापोरांसकट गाव सोडून गेले. मी त्यांना भेटायला गेलो नाही. मी डोंगरावर गेलो — पिशव्या उपसायला. सगळ्या निघाल्या का, ठाऊक नाही. आभाळ भरलं की गाव आनंदानं अंगणात येतं, आणि मी डोंगराकडं बघतो. पाणी धो-धो वाहिलं, माती गेली, काळं प्लॅस्टिक वर आलं तर?

यंदाही पाऊस लांबलाय. पलीकडच्या डोंगरावरही आता चराईबंदी झाली. सकाळी आबा राखणीला गेले, तीच काठी घेऊन. जाताना मी त्यांना पाण्याची बाटली भरून दिली.